शालनचा शेवट

"मथुरामावशे, ती शालन सासरी जाती का नाय, तेवढं आधी सांग. मगच या विडीला दोरा बांधीन," अनशी म्हणाली, आणि वळलेली विडी तशीच चिमटीत धरून बसली.

सगळ्या शेडमध्ये हशा पिकला. माझी आई पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बांध गं बाई दोरा. शालन काय पळून जात नाही."

"पळूनच तर आलीये ती!" गजरानानी म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या. अनशी हसली नाही. दोरा बांधताना तिची बाही वर सरकली, आणि कोपराच्या वरचा उलथन्याच्या चटक्याचा डाग दिसला. तिने बाही लगेच खाली ओढली.

बहात्तरच्या दुष्काळाआधीची ही गोष्ट. आमच्या गावात विड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याची एक लांबलचक शेड. त्यात आम्ही चाळीसेक बायका मांडीवर सूप घेऊन बसायचो, सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू. उन्हाळ्यात वर पत्रा तापायचा, खाली तंबाखूचा खकाणा उडायचा, आणि शिंकून शिंकून नाकाचा पार इस्कोट व्हायचा. असल्या जागी दिवस ढकलायचा तर मनाला काहीतरी चाळा हवाच. आमचा चाळा म्हणजे माझी आई.

आई सातवी शिकलेली. शेडमध्ये वाचता येणाऱ्या दोघीच, ती आणि मी. वडील गेल्यावर ती कारखान्यात लागली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती वाचनालयातलं पुस्तक वाचत बसली होती, तेव्हा गजरानानी म्हणाली, "एकटीच काय खाती गं? आमालाबी वाढ की." तिथून सुरू झालं. मग बायकांनीच रीत पाडली. मथुरेने विड्या वळायच्या नाहीत, दिवसभर वाचायचं. दुपारी आणि सुट्टीच्या वेळी प्रत्येकीने आपल्या सुपातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या. मुठीमुठीने आईचा दिवस भरायचा. त्यांना आम्ही मुठीच्या विड्या म्हणायचो. मी शेजारी बसून वळायचे, आणि वाचनालयातून पुस्तकं आणणं-देणंही माझ्याकडेच होतं.

मुकादमाची या सगळ्याला ना नव्हती. कान वाचनाकडे लागले की तोंडं बंद राहतात आणि हात चालतात, हे त्याला कळलेलं. त्याची अट एकच होती. तीसुद्धा उगीच नव्हती हो. एकदा आईने एका पुस्तकात लहान पोर मेल्याचं वाचलं. बायकांना रडू आवरेना. त्यांनी तंबाखूच्या हातांनी डोळे पुसले! अगं बाई, काय ती आग! अर्धी शेड नळावर जाऊन डोळे धूत बसली. त्या दिवशीचा निम्मा माल ओला म्हणून छाटात, म्हणजे बाद मालात गेला. मुकादम कमरेवर हात ठेवून आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मथुराबाई, वाचायचं तर खुशाल वाचा. पन आपल्या शेडमधी मानूस मारायचं नाय."

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये कुणी मेलं नाही. क्षयाची रोगी माणसं खडखडीत बरी झाली. बुडायला आलेल्या होड्या काठाला लागल्या. टाकून दिलेल्या बायकांचे नवरे रडत परत आले. मी शेजारीच बसायचे, त्यामुळे मला दिसायचं. शेवटचं प्रकरण आलं की आईचे डोळे पानावर नसायचे, समोरच्या भिंतीवर असायचे. तोंडाने मात्र तिचं धडाधड चाललेलं असायचं, अगदी पुस्तकातल्यासारखं. काय तिची बुद्धी म्हणायची! हे गुपित माझं आणि तिचंच आहे, असं मी समजत होते.

आता अनशीचं सांगते. तिचं नाव अनसूया. माझ्याच वयाची, एका आळीत वाढलेली. तिला डोंगराकडच्या एका गावात दिली होती. नवरा मालमोटारीवर क्लीनर. दारू प्यायचा, संशय घ्यायचा, हाताला येईल ते फेकायचा. त्या वर्षी शिमग्याला ती माहेरी आली ती परत गेलीच नाही. आई-बाप नव्हतेच, भाऊ होता, भागवत. तो काही वाईट नव्हता, पण बायकोच्या मुठीत होता, आणि बायको रोज भाकरी वाढताना आदळआपट करायची. अनशी ते सगळं सोसून कारखान्यात यायची आणि माझ्या डाव्या हाताला बसायची.

आणि नेमकं तेव्हाच शालनचं पुस्तक हाती आलं. त्याचं खरं नाव आता आठवत नाही. आमच्याकडे पुस्तकाला त्यातल्या बाईचंच नाव पडायचं. शालन ही शहरातल्या एका कारकुनाची बायको. नवरा मारतो, कोंडून ठेवतो. ती मामाकडे पळून येते. मामा भला, पण मामी फटकळ. पुढे नवरा तिला न्यायला येतो. झालं, अनशीला दुसरं काय हवं! पहिल्या दिवसापासून तिने ते पुस्तक आपलंच मानलं. मामीचं बोलणं आलं की ती मला कोपर मारायची. "बघ, बघ, हुबेहूब आमची वैनी!"

गुरुवारी शालनचा नवरा मामाच्या ओसरीवर येऊन बसला आणि आईने पुस्तक मिटलं. सुट्टी झाली होती. सगळ्या उठल्या, सुपं झाडायला लागल्या. अनशी तशीच बसून राहिली.

"वच्छे, परवा बाजारच्या दिवशी आमचा तो येनार हाये न्यायला," ती म्हणाली. "भावानंच त्याला सांगावा धाडला."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हटलं, "तू काय म्हणालीस?"

"मी कशाला म्हनू? शालन काय करती ते बघू. तिनं केलं तसं मी करीन." मग ती आईकडे वळली. "मावशे, उद्या संपनार ना पुस्तक?"

"संपेल की."

"मग नीट वाच. माझा जीव टांगनीला लागलाय, सांगून ठेवती."

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, "येडी कुठली."

घरी आल्यावर मी भाकरी थापायला बसले आणि आई दारातल्या उजेडात पुस्तकाचं उरलेलं वाचत बसली. तिने मिटलं तेव्हाच तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं. तरी विचारलं, "काय होतं गं शेवटी?"

"जाते ती परत."

"आणि?"

"विहिरीत सापडते. नवरा म्हणतो, पाय घसरला." आईने पुस्तक कोनाड्यात ठेवलं. "त्याचं तो दुसरं लग्न करतो. मामा रडत बसतो."

माझा हात परातीतच राहिला. "आई, उद्या असंच वाच. जसं आहे तसं."

"आणि मुकादम?"

"मुकादम गेला उडत! अनशी त्या पुस्तकावर सगळं सोडून बसलीये. ऐकलंस ना तू?"

"ऐकलं म्हणूनच नाही वाचायचं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती बोलायला लागली की मला गप्प बसवायची. "हे बघ वच्छे, भागवत तिला ठेवून घेणार नाही. त्याची बायको त्याला ठेवू देणार नाही. म्हणजे पोरीला जायचंच आहे. आज नाही तर पुढच्या बाजारी. मग जाताना मनात विहीर घेऊन जाऊ दे? की चार चांगले शब्द घेऊन जाऊ दे? जिवाला धीर असला की बाई निभावते."

"आपल्याकडे ठेवू तिला. तिची कमाई आहेच की."

"आणि उद्या तिचा नवरा दारात येऊन शिव्या घालेल, तेव्हा कोण उभं राहणार पुढे? घरात पुरुष नाही. लोक म्हणतील, मथुरेने दुसऱ्याचा संसार मोडला. तुझं लग्न जमायचंय अजून." तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मला काय ती परकी आहे? पण आपल्या हातात काय आहे, सांग."

मी भाकरी उलटली. ती करपली होती. आईने ती स्वतःच्या ताटात घेतली.

शुक्रवारी दुपारी शेवटचं प्रकरण आलं. अशी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती. कातरींचा आवाजसुद्धा दबून येत होता. आईने सुरुवातीची पानं पुस्तकातलीच वाचली. नवरा मामाच्या पाया पडतो, शालन बोचकं बांधते, मामी पहिल्यांदाच तिच्या ओटीत नारळ घालते, टांगा निघतो. पुढे मला दिसलं, आईचे डोळे भिंतीवर गेले.

"त्या रात्री नवरा तिच्यासमोर बसला," आई म्हणाली. "म्हणाला, शालन, तू नव्हतीस तेव्हा मला कळलं की घर म्हणजे भिंती नव्हेत. मी चुकलो. पुन्हा हात उचलणार नाही. शालनने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा हा माणूस आपल्याशी बोलतो आहे. सकाळी ती उठली आणि तिने अंगणात सडा घातला..."

असं बरंच. गोड गोड. मी मान खाली घालून दोरे बांधत राहिले. माझी बोटं चालत होती, पण कुठली विडी कशी झाली ते देवाला ठाऊक.

आईने पुस्तक मिटलं तरी कुणी बोलेना. एरवी पुस्तक संपलं की बायका भांडायला लागायच्या, तो बरा की ती बरी म्हणून. त्या दिवशी सगळ्यांची नजर अनशीकडे होती.

अनशी आईकडे बघत होती. किती वेळ बघत होती! मला वाटलं, हिला रडू येणार. पण तिचे डोळे कोरडे होते.

"झालं, मावशे?" तिने विचारलं.

"झालं."

"असंच हाये ना?"

"असंच आहे," आई म्हणाली.

"मंजी जावंच तिनं. असं ना?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो बाई. जावं."

"बरं," अनशी म्हणाली, आणि आपल्या सुपातल्या विड्या ओंजळीने उचलून आईच्या सुपात टाकल्या. मूठभर टाकायची रीत, हिने भरभरून टाकल्या. गजरानानी काहीतरी बोलायला गेली, पण बोलली नाही.

शनिवारी बाजार भरलेला असताना अनशी शेडच्या दाराशी आली. हातात नव्या बांगड्या भरलेल्या, काखेत बोचकं. बाहेर रस्त्यावर नवरा उभा होता. अंगात धुतलेला सदरा, दिसायला बरा गडी. अशी माणसं बाहेरून बरीच दिसतात मेली. अनशीने मला बाहेर बोलावलं आणि आपली पानं कापायची कातर माझ्या हातात दिली.

"तुझी बोथट झालीये. ही वापर," ती म्हणाली.

"आणि तू?"

"तिकडं कुठं विड्या? आले परत तर मागीन."

मी म्हटलं, "अनशे, जाऊ नकोस. पुस्तकं काय, लिहिणारा काहीही लिहितो."

ती हसली. "पुस्तकाचं मला काय सांगती? माहिती हाये मला." मग तिने शेडच्या आत बघितलं. आई नवीन पुस्तक उघडून बसली होती. "मावशीला सांग, गेले म्हनून," अनशी म्हणाली आणि गेली.

नागपंचमीच्या सुमाराला बातमी आली. भागवतच सांगायला आला, कारखान्याच्या दारात, तंबाखूच्या पोत्याला टेकून. पेटती चिमणी अनशीच्या पदरावर पडली म्हणे. रॉकेल सांडलं म्हणे. घरात कुणी नव्हतं म्हणे. प्रत्येक वाक्याला "म्हणे" लावत होता आणि कुणाकडेच बघत नव्हता. तो तिथे पोचेपर्यंत सासरच्यांनी तिची मौतमाती उरकूनही टाकली होती. गजरानानी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पायाशी थुंकली. तो खाली मान घालून निघून गेला.

आई दोन दिवस कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि आपली आपण वाचनालयात गेली. एरवी तिने त्या वाचनालयाची पायरी चढली नव्हती. तिथली माणसं काय म्हणतील, असं तिला वाटायचं. परत आली तेव्हा तिच्या हातात शालनचं पुस्तक होतं.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आपल्या जागेवर बसली. पुस्तक उघडलं. कुणीही काही विचारलं नाही. तिने शेवटचं प्रकरण काढलं आणि वाचायला सुरुवात केली. या वेळी डोळे पानावरून हलले नाहीत. टांगा सासरच्या दारात थांबला. नवऱ्याने दार लावून घेतलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. शालन विहिरीत सापडली.

मुकादम आत आला आणि दारातच थबकला. "मथुराबाई, हे काय?" तो म्हणाला. गजरानानीने नुसता हात वर केला. तो मागच्या पावली बाहेर गेला.

आश्चर्य म्हणजे कुणी रडलं नाही. सगळ्या वळत राहिल्या. आई शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि मग पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाली, "खरं हे होतं. मी त्या दिवशी खोटं वाचलं. मी तिला फसवलं गं."

गजरानानीने सूप बाजूला ठेवलं. ती आईसमोर येऊन बसली.

"मथुरे, तू कुनाला फसवलं नाय. तू शेवट बदलती, हे समद्या शेडला माहिती हाये. पहिल्यापासून. आमाला वाचता येत नाय, पन कान तर हायेत. शेवटाला आली की तू पान उलटत नाहीस. घडीघडीला येनारा आवाज बंद व्हतो. आमी वळखतो, की आता मथुरा आपल्या मनचं सांगती. आमाला बरं वाटावं म्हनून सांगती. आमी ऐकतो."

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "अनशीला?"

"तिलाबी ठावं व्हतं. आदल्या दिवशी नळावर मीच म्हनले तिला, अगं त्या पुस्तकावर काय जाती, मथुरा उद्या आपल्या मनानंच करील शेवट. तर म्हनाली..." नानी थांबली.

"काय म्हणाली?"

"म्हनाली, मंग त्येच तर मला ऐकायचंय, नाने. पुस्तकात काय का असंना. मावशी काय म्हनती ते ऐकायचंय. मला माय नाय. उघड विचारायची लाज वाटती. मावशी शालनला म्हनली ऱ्हा, तर मी तिच्याच दारात जाऊन बसनार. आन म्हनली जा, तर जाईन."

मला त्या ओंजळभर विड्या आठवल्या, आणि "मंजी जावंच तिनं" म्हणतानाचे तिचे कोरडे डोळे. पोरगी पुस्तकाचा शेवट विचारतच नव्हती. चाळीस बायकांच्या देखत ती आईला आसरा मागत होती, आणि आम्ही दोघी समोर बसून ते ऐकत होतो.

आई रडली नाही. तिने पुस्तक माझ्याकडे दिलं, कोपऱ्यातलं एक रिकामं सूप ओढलं, आणि पानं कापायला घेतली. दुपारी बायका नेहमीसारख्या मूठभर विड्या घेऊन आल्या, तेव्हा तिने हाताने सूप झाकून घेतलं. त्यानंतर तिने शेडमध्ये एक ओळसुद्धा वाचली नाही. वाचनाचं माझ्यावर आलं. मी अक्षर बदललं नाही. माणसं मरायची तिथे मरू दिली, आणि मुकादम पुन्हा कधी काही बोलला नाही.

नंतर मी बाहेरून परीक्षा दिल्या, मास्तरीण झाले, आईला घेऊन नगरला राहायला गेले. म्हातारपणी तिचे दोन्ही डोळे गेले. शाळेतून आले की मी तिला वाचून दाखवायचे. तिचा हट्ट एकच, जसं असेल तसं वाच. माझ्या पिशवीत अनशीची कातर असायची, तिनेच मी नव्या पुस्तकांची कडेला न कापता जोडलेली राहिलेली पानं सोडवायचे.

शेवटच्या आजारात ती खाटेवर पडून होती. तिला घास गिळवत नव्हता. मी वाचत होते त्या पुस्तकात एक म्हातारी होती, मुलाची वाट बघणारी. पुढची ओळ मला आधीच दिसली. मुलगा येत नाही आणि म्हातारी जाते. मी आईच्या तोंडाकडे बघितलं आणि माझा धीर सुटला. मी भिंतीकडे बघत म्हटलं, "तेवढ्यात फाटक वाजलं. म्हातारीने मान वळवली. दारात मुलगा उभा होता..."

आईचे डोळे मिटलेलेच होते. तिने हाताने अंथरूण चाचपलं, माझं मनगट सापडेपर्यंत.

"वच्छे," ती म्हणाली, "पान उलट."